रुग्णालयातील औषधांच्या ऑर्डर आणि डोस यांचं ऑडिट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉर्डात औषधांचं ऑडिट सुरू करायचं ठरलं की ठरावीक प्रश्न पुढे येतातच. काही सिस्टरांचे असतात, काही फार्मासिस्टचे, काही रेसिडेंट डॉक्टरांचे, आणि "हे आता कुणाच्या गळ्यात?" हा प्रश्न सगळ्यांचाच. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे गोंधळ जास्त होतो तिथे उत्तर लांबलं आहे.

ऑडिटमध्ये नेमकं काय तपासायचं?

तीन गोष्टी. कागदावर काय लिहिलं, ते त्या रुग्णाला योग्य होतं का, आणि रुग्णाच्या शरीरात प्रत्यक्षात काय गेलं.

बहुतेक ऑडिट पहिल्या गोष्टीवरच थांबतात. तारीख आहे का, सही आहे का, अक्षर वाचता येतं का, यावर बरोबरच्या खुणा केल्या की नव्वदच्या वर गुण पडतात आणि अहवाल फाइलला लागतो. ते गुण खोटे नसतात, पण ते चार्ट नीट लिहिल्याचे असतात. नीट लिहिलेल्या चार्टवरूनही दुप्पट डोस जाऊ शकतो, आणि गिचमिड अक्षरातली ऑर्डर बघून अनुभवी सिस्टर डॉक्टरांना फोन करून योग्य तोच डोस देऊ शकते. म्हणून पहिल्या गोष्टीला वेळ कमी आणि उरलेल्या दोन गोष्टींना जास्त द्यावा.

चुका कळवायची नोंदवही आहेच. मग वेगळं ऑडिट कशाला?

कारण नोंदवहीत फक्त लक्षात आलेल्या चुका उतरतात, आणि त्यातल्याही कुणाला तरी लिहायचं धैर्य आणि सवड मिळाली त्याच. अमेरिकेत ३६ रुग्णालयं आणि नर्सिंग केंद्रांत एकाच डोसांवर तीन पद्धती ताडून पाहिल्या गेल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २,५५६ डोसांमध्ये फार्मासिस्टनी खात्री केलेल्या ४५७ चुका होत्या. शेजारी उभं राहून पाहणाऱ्यांना त्यातल्या ३०० सापडल्या. केसपेपर चाळणाऱ्यांना १७. आणि घटना-नोंदीत उतरली होती फक्त १.

म्हणजे "या महिन्यात आमच्याकडे औषधांच्या दोनच चुका झाल्या" याचा अर्थ दोनच कळवल्या गेल्या, एवढाच. नोंदवही बंद करा असं मात्र नाही. अमुक चूक का झाली, त्या वेळी वॉर्डात काय चाललं होतं, ही गोष्ट नोंदवहीतच कळते. किती चुका होतात हे तिला विचारू नये.

चुका सगळ्यात जास्त कुठे होतात?

१९९५ मध्ये डेव्हिड बेट्स आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनमधल्या दोन रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टाळता आल्या असत्या अशा दुष्परिणामांमागच्या चुकांपैकी ५६ टक्के ऑर्डर देताना झाल्या होत्या, ३४ टक्के रुग्णाला औषध देताना, ६ टक्के ऑर्डर उतरवून घेताना आणि ४ टक्के फार्मसीतून औषध देताना. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त बोलका आहे: ऑर्डरच्या टप्प्यावरच्या जवळपास निम्म्या चुका पुढे कुणी तरी पकडल्या, प्रत्यक्ष देतानाची एकही पकडली गेली नाही. साहजिकच आहे. डॉक्टरांच्या मागे फार्मासिस्ट असतो, फार्मासिस्टच्या मागे सिस्टर असते. सिस्टरच्या मागे कुणीच नसतं.

हे आकडे कागदी ऑर्डरींच्या काळातले आहेत, ते जसेच्या तसे आपल्या वॉर्डाला लावू नका. पण ऑडिटची माणसं नेमायची कुठे हे ठरवायला ते आजही उपयोगी पडतात.

किती केसपेपर घ्यायचे, आणि कोणते?

वर्षातून एकदा दोनशे केसपेपर काढून बसण्यापेक्षा दर महिन्याला वीस घेतलेले बरे. दोनशेंचा अहवाल येईपर्यंत रेसिडेंटची बॅच बदललेली असते.

निवड मात्र इनचार्ज सिस्टरवर सोडू नका. त्या चांगलेच चार्ट काढून देतील असं नव्हे, पण हाताशी असलेले देतील, आणि हाताशी असलेले म्हणजे स्थिर रुग्णांचे. ज्याचा चार्ट दिवसभर खाटेपाशी, ओटीत, एक्स-रेला फिरतोय तोच रुग्ण तुम्हाला हवा असतो. खाट क्रमांकांची चिठ्ठी काढा किंवा दर पाचवी खाट घ्या. रात्रपाळी आणि सुट्टीचा दिवस नमुन्यात आलाच पाहिजे. डिस्चार्ज झालेल्या फायली सोयीच्या असतात खऱ्या, पण त्या फायलींतला रुग्ण घरी गेलेला असतो. तिथे सापडलेली चूक सुधारता येत नाही आणि औषधाचं पाकीट मोजताही येत नाही.

ऑर्डर वाचताना काय पाहायचं?

औषधाचं नाव, मात्रा, एकक, देण्याचा मार्ग, किती वेळा, कधीपासून कधीपर्यंत, आणि कशासाठी. शेवटचं सगळ्यात जास्त वेळा गायब असतं. 'कशासाठी' लिहिलेलं नसेल तर डोस बरोबर आहे की नाही हे ठरवणंच कठीण होतं, कारण एकाच औषधाचा डोस आजारागणिक बदलतो.

एककं आणि दशांशचिन्ह यांवर नजर रोखून ठेवा. '१.०' मधला ठिपका पुसट झाला की १० होतात. '.५' च्या आधी शून्य नसेल तर ५ वाचलं जातं. इन्सुलिनच्या आकड्यापुढे 'युनिट' न लिहिता इंग्रजीतलं 'यू' हे एकच अक्षर काढलं तर ते शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. मायक्रोग्रॅमचं चिन्ह घाईत मिलिग्रॅमसारखं उमटलं की फरक हजारपट. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ पासून यांतले बहुतेक प्रकार मान्यताप्राप्त रुग्णालयांत वापरायला बंदी घातली. तुमच्याकडे अशी यादी भिंतीवर लावलेली असेल; ऑडिटमध्ये भिंतीकडे न पाहता चार्टकडे पाहा.

'एसओएस', म्हणजे गरज पडल्यासच द्यायच्या, ऑर्डरी वेगळ्या काढा. 'वेदना झाल्यास' एवढंच लिहून भागत नाही. किती तासांच्या अंतराने, दिवसात जास्तीत जास्त किती, हे नसेल तर ती ऑर्डर अपुरी धरा. 'चालू औषधं सुरू ठेवा' ही तर ऑर्डरच नव्हे. ऑपरेशननंतर किंवा आयसीयूतून परत आल्यावर ती फार सापडते.

आणि ॲलर्जीचा रकाना. रिकामा रकाना म्हणजे 'ॲलर्जी नाही' असं नव्हे, 'कुणी विचारलं नाही' असा त्याचा अर्थ घ्यायचा.

डोस बरोबर आहे की नाही हे कशावरून ठरवायचं?

इथे ऑडिट करणाऱ्याची खरी परीक्षा असते. डोस पुस्तकातल्या मर्यादेत बसतो एवढं पुरत नाही, त्या रुग्णाच्या वजनाला, वयाला आणि मूत्रपिंडाला बसला पाहिजे.

एक उदाहरण आकड्यांसह घेऊ. ७८ वर्षांच्या आजी, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) १.२. पायातल्या शिरेत गुठळी म्हणून एनॉक्सापॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन ६० मिग्रॅ दर १२ तासांनी, अशी ऑर्डर. चार्टवर वजनाचा रकाना कोरा. क्रिएटिनिन १.२ पाहून कुणाचीही भुवई वर जात नाही. आता मूत्रपिंड मिनिटाला किती गाळतं ते काढणारं, कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ चं सूत्र लावा: १४० मधून वय वजा केलं की ६२, गुणिले वजन ४८, भागिले ७२ गुणिले १.२, आणि बाई असल्याने गुणिले ०.८५. उत्तर येतं मिनिटाला साधारण २९ मिली. एनॉक्सापॅरिनचा उपचाराचा डोस किलोमागे १ मिग्रॅ दर १२ तासांनी असतो, पण हा आकडा ३० च्या खाली गेला की तोच डोस दिवसातून एकदाच द्यायचा. म्हणजे आजींना दिवसाला ४८ मिग्रॅ हवं होतं आणि जातंय १२०. चार्ट पूर्ण, सही स्पष्ट, अक्षर सुवाच्य. आणि ६० का? तयार सिरिंज ६० ची येते म्हणून.

म्हणून फॉर्मवर 'वजन नोंदलं आहे का?' या रकान्याशेजारी 'मोजलं की अंदाजे?' हाही रकाना ठेवा. खाटेवरच्या रुग्णाचं वजन बऱ्याचदा डोळ्यांनीच केलेलं असतं.

दुसरा सापळा बेरजेचा. पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून दर ८ तासांनी, शिवाय ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉलची जोडगोळी दिवसातून तीनदा, शिवाय ताप आल्यास ६५० ची गोळी, जी त्या दिवशी दोनदा दिली गेली. तिन्ही ऑर्डरी एकेकट्या निर्दोष आहेत. बेरीज मात्र ५,२७५ मिग्रॅ होते, आणि प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा साधारण ४ ग्रॅम धरतात. कमी वजनाच्या किंवा यकृताच्या रुग्णाला तर त्याहूनही कमी. ऑर्डर एक-एक तपासणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. २४ तासांत त्या घटकाचं एकूण किती गेलं ते मोजावं लागतं, आणि ब्रँडच्या नावाखाली कोणते घटक आहेत ते उघडून बघावं लागतं.

मुलांच्या वॉर्डात प्रत्येक डोसाचा हिशेब पुन्हा करायचा: किलोमागे किती, गुणिले वजन, भागिले दिवसातल्या वेळा. किलोमागचा आकडा दिवसाचा आहे की एका डोसाचा, ही गफलत तिथली नेहमीची. शेवटी मिलिग्रॅमचे मिलिलिटर करताना बाटलीवरची तीव्रता पाहा. एकाच औषधाच्या दोन तीव्रतांची सिरपं एकाच कपाटात असतील तर तेही ऑडिटमध्ये लिहा, कोणतीही चूक झालेली नसली तरी.

'दिलं' अशी सही आहे. म्हणजे डोस दिला गेला, असं धरायचं ना?

नाही. सही ही सही आहे.

सकाळच्या राउंडला रुग्ण बाथरूमला गेलेला असतो. सिस्टर गोळ्या वाटीत काढून लॉकरवर ठेवतात, चार्टवर सही करतात आणि पुढच्या खाटेकडे जातात, कारण अजून अठरा खाटा बाकी आहेत. दुपारी लॉकर पुसायला घेतला की वाटी आहे तशीच सापडते, किंवा सापडत नाही आणि गोळ्या कुणी घेतल्या हेही कळत नाही. काही वॉर्डांत राउंडच्या आधी सगळ्या सह्या उरकायची पद्धत असते, काहींत नंतर एकदम बसून. दोन्हींत सहीची वेळ आणि डोसाची वेळ यांचा संबंध तुटलेला असतो.

सही पडताळायचे तीन मार्ग आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे पाकीट मोजणं. पाच दिवसांसाठी १० गोळ्या आल्या, तिसऱ्या दिवशी चार्टवर ५ सह्या आहेत आणि पाकिटात ७ गोळ्या उरल्या आहेत. गेल्या किती? तीन. उरलेल्या दोन सह्यांचं काय, हा प्रश्न ऑडिटचा. वॉर्डच्या साठ्यातून उसने घेतले असतील, हेही शक्य आहे. विचारल्याशिवाय शेरा मारू नका. सिरप आणि अनेक डोसांच्या व्हायलला हा मार्ग चालत नाही.

दुसरा मार्ग रक्तातल्या पातळीचा किंवा परिणामाचा. व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकची पातळी, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनवरच्या रुग्णाचा आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), इन्सुलिननंतरची साखर. सही आहे आणि परिणाम दिसत नाही, तर शोध घ्यायला हवा. उलट बाजूही आहे: सलाइनमधून व्हॅन्कोमायसिन १० वाजता सुरू केल्याची सही आहे, पण प्रत्यक्षात शिर मिळेपर्यंत सव्वाअकरा वाजले. पुढच्या डोसाआधीचा रक्ताचा नमुना १० च्या हिशेबाने घेतला गेला, तर पातळीचा अर्थच चुकीचा लावला जातो आणि त्यावरून पुढचा डोस बदलला जातो. सव्वा तासाच्या खोट्या वेळेने दोन दिवसांचा उपचार हलतो.

तिसरा आणि सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे पाहणं.

शेजारी उभं राहून पाहायचं, ते नेमकं कसं?

१९६२ मध्ये बार्कर आणि मॅककॉनेल यांनी मांडलेल्या पद्धतीचा गाभा आजही तोच आहे: पाहणाऱ्याने आधी चार्ट वाचायचा नाही. सिस्टरांबरोबर ट्रॉलीमागे चालायचं, आणि जे दिसतं ते लिहायचं. कोणती स्ट्रिप, किती गोळ्या, किती मिली भरले, कशात मिसळलं, किती वेळात दिलं, रुग्णाला नाव विचारलं का, मनगटपट्टी पाहिली का. राउंड संपल्यावर मूळ ऑर्डर काढायची आणि दोन्ही याद्या समोरासमोर ठेवायच्या. चार्ट आधी वाचला की डोळ्यांना तेच दिसायला लागतं जे दिसायला हवं.

मूळ ऑर्डरशी ताडा, उतरवून घेतलेल्या चार्टशी नव्हे. उतरवतानाच चूक झाली असेल तर चार्ट आणि डोस दोन्ही एकमेकांशी जुळतील आणि दोन्ही चुकीचे असतील.

"कुणी बघत असलं की माणूस नीट वागतो, मग या पद्धतीला अर्थ काय?" असं हमखास विचारलं जातं. सुरुवातीची काही मिनिटं ते खरं असतं. मग फोन वाजतो, नातेवाईक येतो, सलाइन संपतं, आणि काम नेहमीच्या चालीवर येतं. फार तर पहिला राउंड हिशेबात धरू नका.

चार्टवरचा चौकोन रिकामा असेल तर काय लिहायचं?

'नोंद नाही' असं लिहा. 'डोस चुकला' असं लगेच लिहू नका, आणि 'दिला असणार' असंही नाही. त्याच पाळीत जाऊन विचारा, पाकीट मोजा, मग ठरवा. रुग्ण उपाशी ठेवला होता, उलटी झाली, औषध साठ्यात नव्हतं, रुग्णाने नाकारलं: या प्रत्येकासाठी चार्टवर ठरलेला संकेत हवा. 'साठ्यात नव्हतं' हा संकेत वारंवार दिसत असेल तर तो वॉर्डाचा दोष नाही, तो रकाना थेट फार्मसीकडे पाठवा.

वेळ चुकली तर ती चूक मोजायची का?

सगळ्या औषधांना एकच घड्याळ लावू नका. अमेरिकेत पूर्वी सरसकट अर्ध्या तासाचा नियम होता, आणि तो पाळण्याच्या धावपळीतच चुका होत होत्या. इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस या संस्थेने २०११ मध्ये वेगळी मांडणी सुचवली. वेळेला फार महत्त्व असलेली औषधं ठरल्या वेळेच्या मागेपुढे अर्ध्या तासात. बाकीच्यांपैकी दिवसातून एकदाच द्यायची किंवा आठवड्या-महिन्याची औषधं मागेपुढे दोन तासांत. दिवसातून अनेकदा, पण चार तासांहून कमी अंतराने नसलेली, मागेपुढे एका तासात.

जेवणाआधीचं झटपट इन्सुलिन, पार्किन्सनच्या रुग्णाचं लेव्होडोपा ही पहिल्या गटातली. कॅल्शियमची गोळी पाऊण तास उशिरा गेली म्हणून लाल शेरा मारला, तर पुढच्या वेळी लोक तुमच्या लाल शेऱ्याकडे बघणं सोडतील.

जास्त लक्ष कोणत्या औषधांकडे द्यावं?

चूक झाली तर सावरायला वेळ मिळत नाही, अशांकडे. इन्सुलिन, हेपॅरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधं, मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं, तीव्र पोटॅशियम क्लोराइड, कर्करोगाची औषधं, स्नायू शिथिल करणारी भुलीची औषधं. यांची प्रत्येक ऑर्डर पाहा, नमुना नको.

हेपॅरिनचं एक उदाहरण सगळीकडे शिकवलं जातं. २००७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये नवजात बाळांच्या नळ्या धुवायला मिलीमागे १० युनिटचं हेपॅरिन हवं होतं, वापरलं गेलं १०,००० युनिटचं. हजारपट. बाळं वाचली. दोन्ही व्हायल दिसायला सारख्या होत्या. अशी चूक चार्ट वाचून कधीच सापडत नाही. ट्रे उघडून कुठली व्हायल कुणाशेजारी ठेवली आहे ते पाहिलं तर होण्याआधीच सापडते. व्हिन्क्रिस्टीनचंही तसंच. शिरेतून द्यायचं हे कर्करोगाचं औषध पाठीच्या कण्यात गेलं तर जवळजवळ नेहमीच जीव जातो, म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या पिशवीत तयार करावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऑडिटचा प्रश्न एकच: तुमच्याकडे ते कशात भरून येतं?

दुहेरी तपासणीची सही असेल तर दुसरी व्यक्ती खरंच स्वतंत्रपणे मोजते का ते पाहा. "बारा युनिट भरलेत, बघ जरा" म्हटल्यावर दुसऱ्याला बाराच दिसतात.

दाखल होताना आणि घरी सोडताना वेगळं काय पाहायचं?

घरी चालू असलेल्या औषधांची यादी निदान दोन ठिकाणांहून पडताळली आहे का: रुग्ण किंवा नातेवाईक, आणि जुनी चिठ्ठी किंवा औषधांची पिशवी. मग त्यातल्या प्रत्येक औषधाचं काय केलं, म्हणजे चालू ठेवलं, बदललं, थांबवलं, हे लिहिलेलं आहे का. ऑपरेशनआधी थांबवलेलं वॉरफरिन डिस्चार्जपर्यंत कुणालाच आठवत नाही, आणि आयसीयूत सुरू केलेली ॲसिडिटीची गोळी मात्र रुग्णाबरोबर वर्षभर घरी चालते. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट चुकून 'रोज' असं उतरवलं गेलं की त्याने माणसं दगावली आहेत. या एका औषधासाठी फॉर्मवर स्वतंत्र ओळ ठेवली तरी चालेल.

अँटिबायोटिकचं ऑडिट यातच करायचं की वेगळं?

वेगळं केलेलं बरं, प्रश्न वेगळे असतात. निदान लिहिलंय का, जंतू ओळखायचं कल्चर आधी पाठवलं का, ४८ ते ७२ तासांनी पुन्हा विचार झाला का, थांबवायची तारीख आहे का. ऑपरेशनआधीचा डोस छेद देण्याआधीच्या तासाभरात गेला का (व्हॅन्कोमायसिनला दोन तास), आणि २४ तासांच्या पुढे विनाकारण चालू राहिला का. वापर मोजायला 'डीडीडी' (डिफाइन्ड डेली डोस, प्रौढासाठी धरलेला रोजचा सरासरी डोस) हे एकक वापरत असाल तर लक्षात ठेवा, ते तुलनेसाठीचं एकक आहे. रुग्णाला द्यायचा डोस त्यावरून ठरवू नये, आणि मुलांच्या वॉर्डाला ते लागूच पडत नाही.

चुकांचं प्रमाण कसं काढायचं?

छेदात दिलेले डोस आणि द्यायचे असून न दिलेले डोस, दोन्ही घ्या. समजा ४० डोस देताना पाहिले आणि ३ द्यायचे राहिले, तर चुकायच्या संधी ४३. दिलेल्यांपैकी ५ चुकले, राहिलेले ३, एकूण ८. म्हणजे १८.६ टक्के. त्या पाचांतले २ फक्त वेळेचे असतील तर ते काढून ६, म्हणजे सुमारे १४ टक्के. दोन्ही आकडे द्या. न दिलेले डोस छेदातून गाळले की प्रमाण फसवं निघतं. आणि 'रुग्णामागे किती चुका' असं काढू नका. बारा औषधांच्या रुग्णाची तीन औषधांच्या रुग्णाशी तुलना होत नाही.

गांभीर्य कसं ठरवायचं?

औषधांच्या चुकांवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एनसीसी-मर्प या परिषदेची 'ए' ते 'आय' अशी नऊ पायऱ्यांची पट्टी सर्वत्र वापरतात. 'ए' म्हणजे चूक होण्याजोगी परिस्थिती, 'बी' म्हणजे चूक झाली पण रुग्णापर्यंत पोचली नाही, 'सी' आणि 'डी' म्हणजे पोचली पण इजा नाही, 'ई' ते 'एच' इजा, 'आय' मृत्यू. दोघांनी स्वतंत्रपणे पायरी ठरवावी आणि मग जुळवावी. पायरी ही घडलेल्या परिणामाची असते. नशिबाने 'सी' वर थांबलेली हजारपटीची चूक यादीत खाली ढकलू नका.

पाहताना धोकादायक चूक होताना दिसली तर?

थांबवा. तिथेच, लगेच, रुग्णासमोर आरडाओरडा न करता: "सिस्टर, एक मिनिट, ही व्हायल पुन्हा बघूया का?" नमुना बिघडेल म्हणून गप्प बसायचं नसतं. नोंद करताना ती चूकच धरा आणि पाहणाऱ्याने अडवली असं लिहा. हे सगळं आधीच वॉर्डाला सांगून ठेवा.

अहवालात नावं घालायची का?

नाही. खाट, पाळी, औषध, टप्पा एवढं पुरे. नावं घातली की दुसऱ्या महिन्यापासून सगळे चार्ट परिपूर्ण होतात आणि तुम्हाला काहीच कळेनासं होतं. जाणूनबुजून केलेली गोष्ट, उदाहरणार्थ मॉर्फिनच्या रजिस्टरमधला न जुळणारा हिशेब, हा ऑडिटचा विषय राहत नाही; तो त्याच दिवशी वरिष्ठांकडे जातो.

आमच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर आहे. तरी ऑडिट लागतं?

लागतं, फक्त चुकांची जात बदलते. बारकोडचा फायदा नक्की होतो: २०१० मध्ये बॉस्टनच्या एका रुग्णालयातून आलेल्या अभ्यासात वेळेच्या चुका सोडून बाकीच्या औषध देतानाच्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ वर आल्या. उतरवून घेण्याच्या चुका तर संपल्याच. पण ६.८ म्हणजे शून्य नव्हे.

कॉम्प्युटरवर या जागा बघा. यादीतल्या शेजारच्या ओळीवर क्लिक होणं. इशारे न वाचता पुढे जाणं. किती इशारे डावलले आणि कारणाच्या चौकटीत काय लिहिलं ते काढा, बऱ्याचदा फक्त एक टिंब असतं. मनगटपट्टीच्या बारकोडची जादा प्रत ट्रॉलीला चिकटवून तिथूनच स्कॅन करणं. आणि आपोआप पडणारी वेळ: रात्री ९.४० ला 'दिवसातून एकदा' अशी अँटिबायोटिकची ऑर्डर टाकली, प्रणालीने पहिला डोस सकाळी ९ चा धरला. सेप्सिसच्या, म्हणजे जीवघेण्या संसर्गाच्या, रुग्णाला पहिला डोस अकरा तासांहून जास्त उशिरा, आणि पडद्यावर सगळं हिरवं.

ऑडिट कोणी करायचं?

क्लिनिकल फार्मासिस्ट आणि दुसऱ्या वॉर्डाच्या अनुभवी सिस्टर, अशी जोडी उत्तम. फार्मासिस्टला डोस कळतो, सिस्टरना राउंड कळतो. आठवड्यातून एखादा तास देणारा वरिष्ठ डॉक्टर सोबत हवाच, नाहीतर ऑर्डरींबद्दलचे शेरे रेसिडेंटपर्यंत पोचून तिथेच राहतात.

निष्कर्ष कधी आणि कुणाला सांगायचे?

वॉर्डाला त्याच आठवड्यात, तोंडी, पाळी बदलताना, पाच मिनिटांत. समितीला महिन्याने. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग त्याच पद्धतीने, त्याच छेदाने पुन्हा मोजा. मध्येच फॉर्म बदलला तर आधीच्या महिन्याशी तुलना होत नाही. सुधारणा सुचवताना 'कर्मचाऱ्यांना सूचना देण्यात आल्या' या वाक्यावर थांबू नका. पोटॅशियमचे अँप्यूल वॉर्डच्या कपाटातून काढणं, वजन भरल्याशिवाय एनॉक्सापॅरिनची ऑर्डर पुढे न जाणं, असं काहीतरी सुचवा जे कुणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नाही.

फॉर्म किती मोठा असावा?

एक पान, पाठपोट. पुढे ऑर्डर आणि डोस, मागे पाहिलेल्या राउंडची नोंद. खाली चार ओळी कोऱ्या सोडा. सगळ्यात उपयोगाची गोष्ट बऱ्याचदा कोणत्याच रकान्यात बसत नाही.